वैरण आणि दावे

अमेरिकेविषयी आपल्या घरांतून नेहमी दोन आवाजांत बोलले जाते. दिवाणखान्याच्या भिंतीवर नातवाचा बर्फात खेळतानाचा फोटो असतो आणि त्याच भिंतीखाली बसून आजोबा अमेरिकेच्या दादागिरीवर तावातावाने बोलत असतात. यात ढोंग काही नाही. ज्या देशाने मुलाला शिष्यवृत्ती दिली, नोकरी दिली, तोच देश दूरच्या कुठल्या तरी शहरावर बाँब टाकतो, या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी एकाच टीव्हीसमोर बसून मान्य कराव्या लागतात. मग घरातले एखादे तरुण मूल विचारते, आजोबा, नक्की काय समजायचे? अमेरिका जगावर उपकार करते की राज्य?

या प्रश्नाची उत्तरे विद्वानांनी तराजू घेऊन दिली आहेत. एका पारड्यात दुसऱ्या महायुद्धानंतर मोडलेल्या युरोपला उभे करणारी मार्शल योजना, पोटभर धान्य, औषधे, विद्यापीठांची उघडी दारे. दुसऱ्या पारड्यात १९५३ चा इराण, व्हिएतनाम, १९७३ चा चिली, २००३ चा इराक. पारडी वरखाली होत राहतात, कोणतेच एक खाली टेकत नाही, आणि जो तो आपल्या आवडीचे वजन टाकून उठतो. मला वाटते, तराजूच चुकीचा आहे.

म्हणून हा प्रश्न वॉशिंग्टन किंवा दिल्लीतून न पाहता नरसीतून पाहावा असे मनात आले. नरसी म्हणजे हिंगोली जिल्ह्यातले, कयाधू नदीच्या काठचे नरसी नामदेव. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना प्रिय असलेले गाव. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा भाग परभणीत होता आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. जगाच्या राजकारणाशी अशा गावाचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण बड्या सत्तेची खरी ओळख तिच्या राजधानीत होत नाही. ती धान्याच्या पोत्यावर, पिकाच्या भावावर, शेताच्या हद्दीवर येऊन पोहोचते तिथे होते. आणि या एका जिल्ह्यात गेल्या दोनशे वर्षांत अशा सत्तेची बहुतेक सगळी रूपे येऊन गेली आहेत. त्यातले पहिले अमेरिकेचे नाही. पण पुढचे समजायला तिथूनच सुरुवात करणे बरे.

छावणीचे कर्ज

हिंगोली ही एके काळी लष्करी छावणी होती. राज्य निजामाचे, छावणीतले अधिकारी मात्र इंग्रज. हे कसे घडले याची कहाणी आपल्याच पूर्वजांपासून सुरू होते. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. शेजारी इतका जबरदस्त, तेव्हा आपल्याला कोणाचा तरी आधार हवा असे निजामाच्या मनाने घेतले, आणि १७९८ मध्ये त्याने इंग्रजांची तैनाती फौज कायमची पत्करली. पुढे तिच्या जोडीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणखी एक फौज उभी राहिली. तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. हिंगोली हे तिचे एक ठाणे. हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाच्या तिजोरीतून, अशी तिची व्यवस्था होती.

पगार थकू लागला. हैदराबादच्या विल्यम पामर कंपनी नावाच्या पेढीने निजाम सरकारला पैसे पुरवले, शेकडा २४ च्या घरातल्या व्याजाने. १८२० मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने हा व्यवहार उजेडात आणला आणि पेढी पुढे बुडाली. पण फौज राहिली आणि थकबाकीही वाढत राहिली. अखेर १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत त्या थकबाकीपोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गाकडचा मुलूख इंग्रजांनी ताब्यात घेतला. नंतरचे दोन १८६० मध्ये परत मिळाले. कापसाचे वऱ्हाड मात्र कायमचे गेले; १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्यावर ते इंग्रजांकडेच राहिले. पुढच्याच वर्षी ती फौजही हिंदुस्थानी सैन्यात सामावून गेली.

मी तीसेक वर्षे बँकेत काढली. कर्जे दिली आणि वसूलही केली. या व्यवहारात जी गोष्ट माझ्या डोळ्यांना खुपते ती व्याजाचा दर नव्हे. तसे दर लावणारे सावकार मी मराठवाड्याच्या तालुक्यातालुक्यांत पाहिले आहेत. खुपते ती गोष्ट वेगळी. कर्ज कशासाठी काढायचे हे कर्जदार ठरवत नव्हता. फौज किती ठेवायची हे ठरवणारा एक, तिचा खर्च सोसणारा दुसरा, आणि खर्च झेपला नाही म्हणून जमीन घेणारा पुन्हा पहिलाच. यात मेटकाफसारखे सचोटीचे लोकही होते. आपण या प्रदेशाचे रक्षण करतो आहोत अशी त्यांतल्या कित्येकांची प्रामाणिक समजूत होती. पण त्यांच्या सचोटीने वऱ्हाड वाचले नाही. देणाऱ्याचे मन कसे आहे याला व्यवहारात फार किंमत नसते, हा धडा हिंगोलीच्या छावणीने पहिल्यांदा दिला.

लाल ज्वारी

अमेरिकेने हिंगोलीत छावणी टाकली नाही. तिचे पहिले पाऊल आमच्याकडे आले ते धान्याच्या रूपाने.

अमेरिकेत १९५४ मध्ये एक कायदा झाला. त्याच्या क्रमांकावरून आपण त्याला पीएल-४८० म्हणतो. तिथल्या कोठारांत गहू मावेनासा झाला होता आणि शेतकऱ्यांना भाव टिकवून हवा होता. इकडे भारताला धान्य हवे होते आणि डॉलर नव्हते. ऑगस्ट १९५६ मध्ये करार झाला. गहू घ्या आणि पैसे रुपयांत भरा. त्यांची अडचण गेली, आपलीही गेली. हा उपकार की व्यापार, असे विचारले तर दोन्ही, असेच म्हणावे लागेल.

१९६५ आणि ६६ ही लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६६ मध्ये भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले, त्यातले बरेचसे अमेरिकन. या काळात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वर्षावर्षाचे करार थांबवून धान्याची जहाजे थोडी थोडी, स्वतः तपासून सोडायला सुरुवात केली. त्या धोरणाला तिकडे जो शब्द रूढ झाला त्याचा अर्थ ‘आखूड दावे’ असा आहे. गुराला बांधायचे दावे. जहाज कधी सुटणार, याची दिल्लीत वाट पाहिली जाई. व्हिएतनामवरच्या बाँबफेकीबद्दल भारताने नापसंती दाखवली की तिकडे कपाळाला आठ्या पडत. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. एक डॉलर ४ रुपये ७६ पैशांना मिळत होता, तो साडेसात रुपयांचा झाला. त्यामागे जागतिक बँक, नाणेनिधी आणि अमेरिका यांचा आग्रह होता हे सर्वश्रुत आहे.

आता यातली दुसरी बाजू. दावे आखूड करण्यामागे भारताने शेतीकडे गांभीर्याने पाहावे असाही एक हेतू होता. नॉर्मन बोरलॉग या अमेरिकन शास्त्रज्ञाने मेक्सिकोत सिद्ध केलेल्या बुटक्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे भारताने १९६६ मध्ये आणले. सी. सुब्रह्मण्यम यांची धडाडी, डॉ. स्वामिनाथन यांचे संशोधन, कृषी खात्यात आपल्या अण्णासाहेब शिंदे यांच्यासारखा शेती जाणणारा मंत्री आणि पंजाबच्या शेतकऱ्याचे कष्ट यांमुळे १९६४-६५ मध्ये सव्वा कोटी टनांच्या आत असलेले गव्हाचे उत्पादन १९६९-७० मध्ये दोन कोटी टनांवर गेले. म्हणजे दावे बांधणारा हात अमेरिकन आणि ते सोडवायला उपयोगी पडलेले बियाणेही अमेरिकन शास्त्रज्ञाचे. चांगले की वाईट, या एका शब्दाच्या उत्तरात हे कसे बसवणार?

खेड्यात वाढलेल्या माणसाला हे कोडे वाटत नाही. गोठ्यातल्या बैलाला धनी प्रेमानेच वैरण घालतो. दुष्काळात स्वतः अर्धपोटी राहून घालतो. त्याच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण म्हणून बैल मोकळा असतो असे नाही. वैरण पाहून दावे विसरू नये आणि दावे पाहून वैरण नाकारू नये, एवढेच.

डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात अमेरिकेने सातव्या आरमाराची जहाजे बंगालच्या उपसागराकडे धाडली. सवलतीचा गहूही त्याच सुमारास थांबला. आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात तो दुष्काळ पडला. बाहत्तरचा. मराठवाड्यात आजही वयाचा हिशेब ‘दुष्काळाच्या आधी’ आणि ‘नंतर’ असा करणारी माणसे भेटतात. रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी आली. भाकरी थापताना चिरायची, गिळताना घशात टोचायची. तिची आठवण काढली की माझ्या वयाची माणसे तोंड वाकडे करतात आणि त्याच दमात म्हणतात, पण तिच्यावरच जगलो. बहुतेकांच्या मनात ती ज्वारी अमेरिकेची मदत म्हणून बसलेली आहे. खरे तर तोवर सवलतीचे दार बंद झाले होते आणि त्या वर्षी परदेशी धान्य बाजारभावाने विकत आणावे लागत होते. ज्याचे आपण दाम मोजले त्यालाही आपण उपकार समजत राहिलो. मोठ्याच्या दारातून आलेल्या वस्तूला दानाचा वास आपोआप लागतो.

आपल्याला खरे उभे केले ते दुसऱ्याच गोष्टीने. गावोगाव दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते. त्यातूनच वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागण्याचा हक्क. मागणाऱ्याने हात पसरायचा नाही, अर्ज भरायचा. हा फरक लहान नव्हता.

पीएल-४८० चा शेवट मात्र बँकेच्या माणसाला मोह पडावा असा झाला. आपण रुपयांत भरलेले पैसे भारतातच साठत गेले होते. इतके, की अमेरिकेला ते खर्च करता येईनात. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकन राजदूत मॉयनिहान यांनी भारत सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा चेक दिला आणि त्या शिलकीचा मोठा भाग सोडून दिला. जगातला तोवरचा सर्वांत मोठा चेक म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याच रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पाठवली जात होती, मराठीही. ज्या कादंबऱ्यांच्या प्रती आपल्या तालुक्याच्या वाचनालयात वाळवीने खाल्ल्या, त्या शिकागोत जपून ठेवलेल्या सापडतात. साम्राज्याचे हे रूप कोणत्या पारड्यात टाकावे, मला आजही ठरवता येत नाही.

हळदीवरचा दावा

हिंगोली जिल्ह्यातले वसमत हळदीसाठी प्रसिद्ध आहे. हळद शिजवायच्या दिवसांत त्या रस्त्याने जाताना कपड्यांनाही तिचा वास लागतो. कापले, खरचटले तर चिमूटभर हळद दाबायची, हे इथल्या कोणत्याही आजीला कोणी शिकवावे लागलेले नाही.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट दिले. कशाचे, तर जखम बरी करण्यासाठी हळदीच्या वापराचे. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते, हे मुद्दाम सांगायला हवे. साम्राज्याच्या दारावर नेहमी परकाच उभा असतो असे नाही. बातमी आली तेव्हा आपल्याकडे संताप झाला, चेष्टाही झाली. पण वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी संतापाऐवजी अर्ज केला. जुने संस्कृत ग्रंथ, १९५३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक लेख, असे बत्तीस पुरावे जोडून त्याच पेटंट कार्यालयाच्या खिडकीवर हरकत नोंदवली. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे अशा पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथसंग्रह उभारण्याचे काम २००१ मध्ये भारताने सुरू केले.

या गोष्टीचा आपल्याकडे विजयोत्सव झाला, तो योग्यच होता. पण त्यात दोन धडे आहेत आणि आपण एकच घेतला. पहिला असा की मोठ्या सत्तेलाही हरवता येते. दुसरा असा की जिथे आपण हरवले ते कार्यालय त्यांचेच होते, नियम त्यांचे होते आणि निकालही त्यांनीच स्वतःविरुद्ध दिला. १८५३ मध्ये निजामाला अशी हरकत नोंदवण्याची खिडकी नव्हती. खिडकी असणे ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र त्या खिडकीपर्यंत पोहोचायला बत्तीस पुरावे, वकील आणि दिल्लीतली एक मोठी संस्था लागली. वसमतचा शेतकरी एकटा तिथवर गेला नसता.

दुधाळ्याची वेधशाळा

त्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा गाव आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या जुळ्या वेधशाळांनी अवकाशातून आलेल्या गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याचा तो थरकाप होता. ३१ मार्च २०१६ रोजी भारत आणि अमेरिकेत करार झाला आणि तशीच वेधशाळा भारतात उभारण्याचे ठरले. जागा निवडली गेली ती दुधाळ्याची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी नळ्या, त्यांत लेसर किरण. सुमारे आठ कोटी डॉलरची उपकरणे अमेरिका देणार. जमीन, इमारती, निर्वात नळ्या आणि माणसे भारताची.

अमेरिकेने एवढी मोलाची यंत्रसामग्री मराठवाड्याच्या माळावर का द्यावी? उपकार म्हणून नाही. गुरुत्वीय लहर आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली हे ठरवायला पृथ्वीवर दूर दूर अंतरावर वेधशाळा लागतात. अमेरिकेत दोन, इटलीत एक, जपानमध्ये एक अशा आहेत. भारतातली एक मिळाली की दिशा कितीतरी नेमकी कळेल. म्हणजे त्यांना दुधाळा हवे आहे. आणि आपल्याला हे काम जमेल असा भरवसा त्यांना वाटला तो पुण्याच्या आयुकामुळे. डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली ही संस्था. तिथे डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी या लहरी शोधण्याच्या गणितावर त्या सापडण्याच्या कितीतरी आधीपासून काम करत होते. आपल्या घरात काहीतरी होते म्हणून बरोबरीने बसता आले.

इथे दावे नाही का? आहे. ते आता दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे, इतकेच. २०२५ मध्ये अमेरिकन सरकारच्या अंदाजपत्रकात त्यांच्याच दोनपैकी एक लायगो बंद करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञ हादरले. तो प्रस्ताव होता, पण बड्या घरातल्या मर्जीची झळ दुधाळ्यापर्यंत येऊ शकते हे त्याने दाखवून दिले.

त्याच वर्षी मर्जीचे इतर अनुभवही आले. जगभर औषधे आणि अन्न पुरवणारी यूएसएड ही संस्था जुलैपर्यंत मोडीत निघाली. ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचे अमेरिकन आयात शुल्क ५० टक्क्यांवर गेले, त्यातला अर्धा भाग रशियाचे तेल घेतल्याची शिक्षा म्हणून. त्याच महिन्यात भारताने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले आणि हिंगोली, परभणीच्या कापूस उत्पादकाच्या कपाळावर आठ्या पडल्या. सप्टेंबरमध्ये एका घोषणेने नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लागले आणि पुण्या-मुंबईच्याच नव्हे, नांदेड-लातूरच्या घरांतही रात्री फोन खणखणू लागले. असे आकडे खडूने लिहिलेले असतात; आज पुसले, उद्या नवे. पण खडू कोणाच्या हातात आहे, हे त्यातून कळते.

पासबुक

मराठवाड्याच्या शाखांत काम करताना एक गोष्ट मला सुरुवातीला उमगत नसे. बँक सावकारापेक्षा कितीतरी कमी व्याज घेते, तरी माणसे सावकाराकडे का जातात? पुढे कळले. सावकार रात्री बारालाही दार उघडतो. मुलीचे लग्न अडले तर कागद न मागता नोटा काढून देतो, वर चहा पाजतो. बँक पाच दाखले मागते आणि जेवणाच्या सुट्टीत खिडकी लावून घेते. मायेने पाहिले तर सावकारच बरा. पण त्याच्याकडे पासबुक नसते. किती घेतले, किती फेडले, किती उरले, हे त्याच्याच वहीत आणि त्याच्याच अक्षरात. ज्या दिवशी त्याची मर्जी फिरते त्या दिवशी दाखवायला तुमच्याजवळ काही नसते.

बड्या देशांकडेही मी असेच पाहतो. त्यांच्या मनात दया आहे की लोभ, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. एकाच घरात दोन्ही नांदतात, आणि निवडणूक झाली की घरधनीही बदलतो. विचारायचे ते साधे चार प्रश्न. गरज कोणी ठरवली, आपण की त्यांनी? नाही म्हणण्याची सोय आहे का? हिशेब दोघांच्या वहीत आहे का? आणि दहा वर्षांनी घेणारा अधिक सबळ झाला की अधिक परावलंबी?

हिंगोलीची छावणी या चारही प्रश्नांत नापास होते. पीएल-४८० अर्धेमुर्धे पास होते. बियाण्याने वाचवले, दाव्याने अडवले. हळदीत खिडकी उघडी सापडली. दुधाळ्यात करारावर दोन सह्या आहेत. अमेरिका एकच, पण आपण तिच्यासमोर रिकाम्या हाताने उभे होतो तेव्हा ती धनीण झाली, आणि हातात काही घेऊन गेलो तेव्हा भागीदार. याचा अर्थ दोष दुबळ्याचा असा नाही. दाव्याला बांधणाऱ्याचा दोष बांधणाऱ्याचाच. पण आपल्या हातात असलेली गोष्ट कोणती, हे ओळखलेले बरे.

हे चार प्रश्न फक्त अमेरिकेला विचारून थांबणे बरे नव्हे. मराठ्यांच्या स्वाऱ्या बंगालपर्यंत गेल्या तेव्हा चौथाई देणाऱ्या तिथल्या रयतेला आपण रक्षक वाटत होतो का? तिथल्या आयांनी मुलांना निजवताना बर्गी आले म्हणून घाबरवले, ते आपल्याच घोडेस्वारांच्या नावाने. आज नेपाळ, श्रीलंका, मालदीव यांच्या घरांतही भारताविषयी दोन आवाजांत बोलले जात असणार. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेली आपली शांतिसेना १९९० मध्ये परतली तेव्हा तिला निरोप देताना तिथे फारसे कोणी हळहळले नाही. आपले मन साफ होते, असे आपण म्हणतो. सगळेच म्हणतात.

आणि नरसी? या गावाचा एक माणूस सातशे वर्षांपूर्वी पंजाबात गेला. त्याच्यामागे फौज नव्हती, धान्याचे जहाज नव्हते. घुमान गावात त्याची स्मृती आजही घरच्या माणसासारखी जपतात; त्याची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. २०१५ मध्ये आपण अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला नेले, तेव्हा पंजाबी माणसांनी मराठी पाहुण्यांचे स्वागत केले ते याच नात्याने. राष्ट्रांनी संतांसारखे वागावे, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण एखाद्याचा शब्द दूर देशी इतका आपलासा होतो, तेव्हा तो कोणी लादलेला नसतो. घुमानच्या लोकांना नाही म्हणता येत होते. त्यांनी हो म्हटले.

घरातल्या त्या तरुण मुलाला एवढेच सांगता येईल. अमेरिकेत शिकायला जायचे असेल तर खुशाल जा, तिथले चांगले ते मनापासून घे, तिथल्या लोकांवर माया कर. ती माणसेही आपल्यासारखीच आहेत. फक्त येताना-जाताना पासबुक स्वतःजवळ ठेव, आणि त्यातली प्रत्येक नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाच.